गवसणी निघत नाही, त्याचं काय?

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांचा नोकरदार. दोन वर्षं तबला शिकतोय. क्लासहून आलो की चार दिवस झपाटल्यासारखा तासन्‌तास बसतो, मग पंधरा दिवस गवसणीसुद्धा निघत नाही. चिल्ला करणाऱ्या उस्तादांचे किस्से ऐकून लाज वाटते. रियाजात सातत्य कसं आणायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ते उस्ताद बाजूला ठेवा. चिल्ला म्हणजे जगाकडे पाठ फिरवून केलेला ४० दिवसांचा रियाज. तो करणाऱ्यांच्या कानांवर बहुधा लहानपणापासून बोल पडलेले असत आणि तबला हीच त्यांची रोजीरोटी असे. नोकरदारानं तो आदर्श धरला की वीस मिनिटांचा रियाज त्याला क्षुल्लक वाटू लागतो, आणि जे क्षुल्लक वाटतं ते आधी टळतं.

वीस मिनिटांचा हिशेब तर करून बघा. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत तीनतालाचं एक आवर्तन १६ सेकंदांचं. म्हणजे वीस मिनिटांत ७५ आवर्तनं! लेहरा लावून एकच कायदा, समजा धाधातेटेचा, तेवढा वेळ घोळवलात तर ‘ते’ आणि ‘टे’ सारख्या वजनाचे पडतायत का, खालीच्या भागात डग्गा वेळेवर बंद होतोय का, हे तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.

माझा संशय असा, की बसल्यावर तुम्ही येतं ते सगळं वाजवता. ठेका, दोन कायदे, रेला, तुकडे, शेवटी जोरदार तिहाई. मजा येते, नाही असं नाही. पण आज काय सुधारलं ते सांगता येत नाही, आणि म्हणून उद्या बसायला कारणही उरत नाही. तालाच्या वहीत एक ओळ लिहीत जा : ‘तिसरा पलटा ७० च्या लयीत अडखळला.’ दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं, हा प्रश्नच मिटतो. बसायचा कंटाळा निम्म्याहून जास्त त्या प्रश्नाचाच असतो.

काही अडथळे निव्वळ सामानाचे असतात. पावसाळ्यात पुडी दमट होऊन सूर उतरतो आणि हातोडी घेऊन ठोकाठोक करण्यातच उत्साह संपतो. तबल्याची सगळी घरं एका सुरात असली की रोजच्या रियाजाला पुरे. मग तबला लेहऱ्यापर्यंत चढवण्यापेक्षा लेहराच तबल्याच्या सुराला आणा. लेहऱ्याच्या बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते. ज्या दिवशी बसणं अशक्यच, त्या दिवशी हातानं ताल धरून पढंत करा. जे तोंडात साफ नाही, ते हातात कसं येणार?

परीक्षेचा धाकही उपयोगी पडतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाचा फॉर्म भरला की तारीख मानेवर बसते. पण परीक्षा संपली की तबला पुन्हा कोपऱ्यात गेलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा साथ करा. पेटी शिकणारं कुणी शोधा, नाहीतर गल्लीतल्या भजनी मंडळात जाऊन बसा. तिथे सुरुवातीला भजनी ठेका आणि केरवा एवढंच लागेल, आठ-आठ मात्रांचं काम. ‘हे फारच सोपं आहे’ असं म्हणू नका. अभंगाची लय चढत असताना ठेका न हलू देणं दोन वर्षांच्या विद्यार्थ्याला चांगलंच घाम फोडतं. ॲप थांबवता येतं, गाणारा थांबत नाही. शिवाय गुरुवारी आठ वाजता चार माणसं तुमची वाट बघत असतील, तर गवसणी आपोआप निघते.

एक पथ्य मात्र पाळा. पंधरा दिवसांचा खाडा एका रविवारी चार तास बडवून भरून काढू नका. मनगट आणि खांदा धरतात, आणि पुढच्या खाड्याला नवं निमित्त मिळतं. खाडा झाला तर झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीसच मिनिटं, ६० च्याच लयीत. लय कधी वाढवायची ते तुमच्या गुरुजींना ठरवू द्या.