संप्रेरकांचे विकार आणि माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन

रणांगणावर पाय गमावलेल्या जवानास अपंग म्हणताना कोणी कचरत नाही. पण शरीरातील एखादी लहानशी ग्रंथी बिघडल्यामुळे ज्याची उमेद खचली, त्याचे अपंगत्व गावास दिसत नाही, आणि पुष्कळदा त्याचे त्यालाही ते उमगत नाही. थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, हिचे विकार आणि मधुमेह हे या प्रकारचे आजार होत. अशा आजारामुळे कमी वैद्यकीय श्रेणीत सेवेतून बाहेर पडलेला सैनिक अपंगत्व निवृत्तिवेतनास पात्र ठरू शकतो, ही गोष्ट खानदेशातील खेड्यांत आणि तेथून ताप्तीकाठाने सुरतेस जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत फारशी माहीत नसते.

गळ्याच्या पुढील भागात असलेली अवटू ग्रंथी शरीराच्या एकंदर कामाचा वेग राखते. तिचा स्राव कमी पडला की थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही, मन मंद होते. लोक याला आळस समजतात! स्राव वाढला तर वजन घटते, हात कापतात, छाती धडधडते. स्वादुपिंडातून पाझरणारे इन्शुलिन कमी पडले किंवा शरीर त्यास दाद देईनासे झाले, तर मधुमेह जडतो. औषधाने हे विकार आटोक्यात राहतात, पण ते औषध बहुधा जन्मभर घ्यावे लागते. उंच पहाडावरील चौकीत किंवा महिनोन्‌महिने समुद्रावर असलेल्या जवानास वेळेवर जेवण, वेळेवर गोळी व पुरेशी झोप यांची हमी कोण देणार?

सैनिक सेवेतून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळ त्यास तपासते व दोन प्रश्नांची उत्तरे नोंदविते. अपंगत्व सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले काय, हा पहिला. आणि ते किती टक्के आहे, हा दुसरा. सेवेशी संबंध मान्य झाला व प्रमाण २० टक्के किंवा अधिक ठरले, तर अपंगत्व घटक मिळतो.

खरी अडचण पहिल्या प्रश्नापाशी येते. मधुमेहासारखा आजार प्रकृतीचा किंवा राहणीचा आहे, असा शेरा मारून सेवेशी संबंध नाकारला गेल्याची प्रकरणे पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात या बाबतीत स्पष्ट निर्णय दिला. भरतीच्या वेळी कागदपत्रांत आजाराची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे धरले पाहिजे. आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, सैनिकावर नाही. लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी असलेल्या २००८ च्या मार्गदर्शिकेतही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह युद्धक्षेत्र, अति उंच प्रदेश, बंडखोरीविरोधी मोहिमा किंवा दीर्घ समुद्रसेवा या काळात जडल्यास तो सेवेमुळे बळावला असे मानण्याची तरतूद आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका माजी सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. आजार शांतता क्षेत्रात असताना सुरू झाला, एवढ्यावरून हक्क नाकारता येत नाही. आजार सेवेमुळे नसेल तर तो कशामुळे, हे मंडळाने कारणांसह सांगितले पाहिजे, असे त्या न्यायालयाने म्हटले.

टक्केवारीच्या बाबतीत मात्र खोटी आशा बाळगू नये. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून कमी असेल, तर हा लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले. औषधाने ताबा राहिलेल्या थायरॉइडच्या रुग्णास ही अट अडवू शकते. आजारामुळे मुदतीपूर्वीच सेवेतून काढले गेले असेल, तर गोष्ट वेगळी. अशा सैनिकाचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच होते असे मानावे, असा २०१४ चा निर्णय आहे.

प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असल्यास ते ५० धरण्याची सवलत २००१ च्या शासकीय पत्राने आली. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळावी, हे डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात ठरले. तिचे मोल आकड्यांत पाहावे. शंभर टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, असा हिशेब आहे. अखेरचे वेतन ४०,००० रुपये असलेल्या हवालदाराचे अपंगत्व २० टक्के धरले तर दरमहा २,४०० रुपये होतात. ५० टक्के धरले तर ६,००० रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता. मधुमेह असलेल्या एका नौदल अधिकाऱ्यास हा लाभ केवळ ५ वर्षांपुरता दिला होता; तो तहहयात द्यावा, असा निर्णय नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला. तथापि २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. जुन्या सहकाऱ्याचे कागद पाहून त्यांनी आपला हिशेब करू नये.

अमेरिकेने निराळी वाट धरली आहे. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या विषारी तणनाशकाच्या संपर्कात आलेल्या सैनिकास दुसऱ्या प्रकारचा मधुमेह झाल्यास तो सेवेमुळेच झाला असे तेथे २००१ पासून गृहीत धरतात. थायरॉइडचा स्राव कमी पडण्याचा विकार २०२१ मध्ये त्या यादीत आला. तेथे प्रत्येकाला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.

सुरतेत राहणाऱ्या मराठी माजी सैनिकाची अडचण थोडी आगळी आहे. सेनेचे कागद इंग्रजीत किंवा हिंदीत, भोवतालच्या कचेऱ्यांचा कारभार गुजरातीत, घरची बोली अहिराणी, आणि नाव मात्र बहुधा जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदलेले! अपंगत्व निवृत्तिवेतन केंद्र सरकारचे असल्यामुळे राज्य बदलल्याने त्याचा हक्क बुडत नाही. राज्य शासनाच्या कल्याणकारी सवलती मात्र अधिवासावर अवलंबून असतात. या दोहोंची गल्लत होऊन कित्येक जण दोन्हीकडे जाणे सोडून देतात.

दावा फेटाळल्याचे पत्र मिळाल्यापासून ६ महिन्यांच्या आत पहिले अपील करावयाचे असते. ते फेटाळले गेल्यास दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे. विलंबाची किंमत मोजावी लागते. १९८३ मध्ये सेवेतून काढलेला एक जवान १९९९ मध्ये न्यायालयात गेला. त्याचा हक्क मान्य झाला, परंतु थकबाकी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अर्जापूर्वीच्या ३ वर्षांपुरतीच ठेवली.

अपिलासोबत भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची नोंद, वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत, नेमणुकीच्या ठिकाणांचा तपशील आणि आजार प्रथम आढळल्याची तारीख दाखविणारा लष्करी रुग्णालयाचा कागद जोडावा. यांपैकी जे हाती नसेल ते आपल्या अभिलेख कार्यालयाकडून मागवावे. दाद न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. वकिलाच्या खर्चाची धास्ती असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून मोफत कायदेशीर सल्ला देण्याची तीत व्यवस्था आहे. गावचे ग्रामसेवक, तसेच सुरतेतील मराठी शाळांचे शिक्षक यांनी मंडळाच्या कार्यवाहीचा कागद एकदा वाचून दाखविला, तरी सेवेशी संबंध नाकारताना मंडळाने कारण लिहिले आहे की नुसताच शेरा मारला आहे, हे त्या घरास कळू शकेल.