लाजेपायी दुखणे वाढवू नका

लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. समजा, गावातला एक भाऊ ट्रक चालवतो. चार महिने झाले, त्याची बसायची जागा दुखते. ओटीपोटात कळ येते. लघवीला आग होते. रात्री तीनदा उठावे लागते. पण तो कुणाला सांगत नाही. भिंतीवर गुप्तरोगाची जाहिरात वाचतो आणि पैसे घालवतो.

भाऊ, यात लाजायचं काय? हे दुखणं आहे, पाप नव्हे. धातू गेल्यानं ते होत नाही. हा कर्करोगही नव्हे.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. लघवीची नळी तिच्यातून जाते. ग्रंथी सुजली किंवा आसपासचे स्नायू आखडले, की त्रास होतो. तीन महिने टिकला, की तो जुनाट झाला.

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात जंतू असतात. लघवी तपासली की ते कळतात. मग डॉक्टर जंतू मारणाऱ्या गोळ्या देतात. त्या बहुधा चार ते सहा आठवडे घ्याव्या लागतात. आठ दिवसांत बरे वाटले म्हणून सोडू नका. उरलेले जंतू पुन्हा वाढतात.

दुसऱ्यात जंतू सापडत नाहीत. बहुतेकांना हाच प्रकार असतो. इथे जंतूंच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन लाभ नाही. डॉक्टर लघवीची वाट सैल करणारी किंवा सूज उतरवणारी गोळी देतात. पहिलीने चक्कर येऊ शकते, म्हणून अंथरुणातून सावकाश उठा. स्नायू सैल सोडण्याचा व्यायामही शिकून घ्या. एकच औषध सर्वांना लागू पडत नाही. गुण यायला महिने लागतात. धीर सोडू नका.

घरी काय करावं? टबात सोसेल इतके गरम पाणी घ्या. त्यात दहा-पंधरा मिनिटे बसा. फार वेळ बसून राहू नका. तासा-दीड तासाने गाडी थांबवा, चार पावले चाला. चहा, तिखट, दारू यांनी आग वाढत असेल, तर ती टाळा.

थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली किंवा लघवीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. तिथे डॉक्टरांना सारे मोकळेपणी सांगा.

आम्ही एवढेच सांगतो : दुखणे बोलून दाखवा. उपचार तिथूनच सुरू होतो.

सांगा पाहू :
1. गोळ्या मध्येच का सोडू नयेत?
2. कोणत्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी जावे?