लेसरचा ठोका आणि उरलेला ताण

प्रश्न : लेसर शॉक पीनिंगनंतर धातूत उरणारा ताण संगणकावर कसा काढतात?
– एक अभियांत्रिकी विद्यार्थी, नांदूरघाट (ता. केज)

उत्तर : ऊसट्रॉलीचे पाटे आठवा. बनवतानाच त्यांच्यावर सहसा पोलादी छर्रे मारतात; पृष्ठभाग दाबाखाली राहतो, तडा उशिरा जातो. (वेल्डिंग मारलं की तो दाब गेलाच!) लेसर हाच दाब मिलिमीटरभर खोल नेतो. काळ्या टेपवर पाण्याचा थर, त्यावर काही नॅनोसेकंदांचा झोत. त्याने टेपवर उठणाऱ्या प्लाझ्माचा दाब काही गिगापास्कल. मॉडेलमध्ये लेसर दाखवायची गरज नाही, दाबाचा वेळेनुसार आलेखच भार म्हणून द्या. धातूच्या वर्तनासाठी जॉन्सन-कुक समीकरण चालतं. पण साध्या ताणचाचणीचे आकडे त्यात ढकलू नका, बहुतेकजण इथेच फसतात. कारण इथे विकृतीचा वेग सेकंदाला दहा लाखांच्या घरात असतो. ठोक्याने धातूत उठलेली लाट पूर्ण विरू द्या, मगच ताण वाचा आणि क्ष-किरण मापनाशी ताडून पाहा.