बॅटरीची जागा

बैलगाडीत ओझे भरताना अनुभवी गाडीवान ते कोठेही टाकीत नाही. ओझे फार पुढे आले, तर जू बैलांच्या मानेवर रुतते. फार मागे गेले, तर गाडी उलाळते व जू वर उचलले जाते. ओझे तेवढेच असते. परंतु त्याची जागा बदलली की गाडीची चाल बदलते. रेडिओलहरींच्या साहाय्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या शर्यतीच्या चिमुकल्या मोटारींनाही हाच नियम लागू पडतो.

या मोटारींचा एक प्रकार मातीच्या, उंचसखल मार्गावर धावणारा आहे. आकाराने खऱ्या मोटारीच्या सुमारे एक दशांश असलेल्या या प्रकारात 1984 साली अमेरिकेत निघालेली ‘आरसी 10’ ही मोटार फार गाजली. अशा मोटारीचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम असते. त्यांपैकी 300 ग्रॅमच्या आसपास वजन एकट्या बॅटरीचे असू शकते. इंजिनाच्या जागी असलेले विजेचे यंत्र सहसा हलविता येत नाही. पण पुष्कळ मोटारींत बॅटरी मात्र थोडी पुढे-मागे सरकविता येते. म्हणून जाणकार चालक तिच्या जागेचा बारकाईने विचार करतो.

समजा, मोटारीच्या पुढच्या व मागच्या आसांत 28 सेंटीमीटर अंतर आहे आणि 300 ग्रॅमची बॅटरी 2 सेंटीमीटर पुढे सरकविली. अशा वेळी पुढच्या चाकांवरील भार सुमारे 21 ग्रॅमने वाढतो आणि मागच्या चाकांवरील तेवढाच घटतो. हा फरक दिसावयास क्षुल्लक आहे; परंतु वेगाने वळण घेताना तो जाणवल्यावाचून राहत नाही.

ज्या चाकांवर भार अधिक, ती जमीन अधिक घट्ट धरतात. बॅटरी पुढे असली, म्हणजे पुढची चाके चालकाची आज्ञा तत्परतेने पाळतात व मोटार चपळाईने वळते. परंतु ज्या मोटारीला मागच्या चाकांनी गती मिळते, तिची ती चाके भार घटल्यामुळे निसरड्या मातीवर नुसतीच फिरू लागतात. शेपटीकडील भाग घसरतो आणि मोटार गर्रकन उलटी फिरते. बॅटरी मागे नेली, तर मागची पकड वाढते व मोटार जोमाने पुढे झेपावते. मात्र पुढची चाके हलकी झाल्यामुळे ती वळणावर बाहेरच्या बाजूस वाहवत जाते. एक गुण वाढविताना दुसरा थोडा गमवावा लागतो.

म्हणूनच सर्व मार्गांना योग्य अशी एकच जागा नसते. भुसभुशीत धुळीवर मागचा भार उपयोगी पडतो. गालिचासारख्या घट्ट पकडीच्या मार्गावर तो पुढे आणणे हिताचे ठरते. पूर्वी अशा मोटारींत यंत्र मागच्या आसाच्याही मागे बसवीत. पुढे अधिक पकडीचे मार्ग तयार होऊ लागले, तेव्हा ते आसाच्या पुढे, मध्यभागाकडे आणण्याची रीत रूढ झाली. भार मध्याजवळ एकवटला, म्हणजे मोटार वळावयास लवकर प्रारंभ करते व लवकर थांबतेही. बॅटरी तळाशी ठेवण्याचेही कारण आहे. गुरुत्वमध्य जितका खाली, तितके वळणावर कलंडण्याचे भय कमी.

जाणता चालक केवळ तर्कावर विसंबत नाही. तो बॅटरी थोडीशी सरकवितो, त्याच मार्गावर काही फेऱ्या मारतो, प्रत्येक फेरीचा वेळ टिपून ठेवतो आणि मगच पुढला बदल करतो. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर लाभ कोणामुळे झाला व हानी कोणामुळे, हे कळण्यास मार्ग उरत नाही. शर्यतीत हार झाली की अधिक शक्तीचे यंत्र विकत घेण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु असलेल्या शक्तीला योग्य जागी आधार मिळाला नाही, तर वाढलेली शक्ती मोटारीला अधिकच वेगाने मार्गाबाहेर नेते.