गोष्ट सांगणारे आजोबा

अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्यांत, रिओ ग्रांदे नदीच्या कांठीं, कोचिती नांवाचें गांव आहे. तेथील मूळ रहिवाशांना ‘प्युब्लो’ म्हणतात. स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थच गांव असा आहे. या लोकांची मातीकामाची कला फार जुनी आहे. तींतील ‘गोष्ट सांगणारा’ या मूर्तीची हकीकत आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

ही मूर्ति हेलन कॉर्देरो (१९१५–१९९४) या बाईंनीं १९६४ सालीं प्रथम घडविली. प्रारंभीं त्या वाडगे व घागरी करीत. परंतु तीं भांडीं वांकडींच उतरत. तेव्हां एका नातलग स्त्रीनें त्यांना बाहुल्या करून पाहण्यास सुचविलें. मूल घेऊन गाणाऱ्या आईची बाहुली कोचितींत पूर्वीपासून होत असे. बाईही तशाच घडवूं लागल्या. त्या पाहून कलावस्तूंचे संग्राहक अलेक्झांडर गिरार्ड यांनीं अधिक मुलें असलेली मोठी मूर्ति मागितली. बाईंना आपले आजोबा सांतियागो किंताना आठवले. नातवंडें नेहमीं त्यांच्याभोंवतीं गोळा होत व ते त्यांना गोष्टी सांगत. अशा रीतीनें आईच्या जागीं आजोबा आले, आणि त्यांच्या अंगावर पांच मुलें बसलीं. डोळे मिटलेले, कारण ते विचारांत आहेत. तोंड उघडें, कारण ते गात आहेत, असें बाई सांगत.

या कामांत कुंभाराचें चाक नसतें. मूर्ति हातानेंच घडवितात. तीवर पांढऱ्या मातीचा लेप देतात. तांबडा रंग मातीचा व काळा एका रानवनस्पतीचा रस आटवून केलेला असतो. मग ती उघड्यावर भाजतात.

मूर्ति लोकप्रिय होतांच इतर प्युब्लो गांवींही तशा होऊं लागल्या. कोणी आजी केली, कोणी अस्वलही केलें. बाईंना तें रुचलें नाहीं. कोचितींत गोष्टी सांगणें हें आजोबांचें काम. लोकांनीं नांव घेतलें, अर्थ घेतला नाहीं, असें त्यांना वाटे. त्यांची खंत रास्त होती. तथापि ज्या घरीं आजीच गोष्टी सांगत असेल, तेथील नातीनें आजीची मूर्ति करावी, हेंही अयोग्य कसें म्हणावें? उसनें नांव घेऊन केलेली मूर्ति मात्र मुकीच राहते.

किंताना यांनीं संशोधकांनाही आपल्या लोकांची माहिती दिली होती. पुस्तकांत शब्द राहतात. ते ऐकतांना आजोबांना बिलगलेलीं मुलें या मातींत राहिलीं. बाईंच्या मुलानातवंडांनींही पुढें ही कला उचलली. विद्यार्थ्यांनींही घरच्या वृद्धांजवळ वेळींच बसावें, इतकेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.