भट्टींतील जुळे स्फटिक

जस्त चढविलेल्या नव्या बादलीवर पिसाऱ्यासारखीं जीं फुलें दिसतात, तीं आपण पाहिलींच असतील. त्यांतील प्रत्येक फूल हा एक स्फटिककण होय. एका कणांतील सर्व अणू एकाच दिशेनें ओळीनें मांडलेले असतात. शेजारच्या कणांत त्यांची दिशा निराळी असते. दोहोंमधील रेषेस आपण कणसीमा म्हणूं. भट्टींत भाजलेल्या वस्तूंचीही रचना अशीच असते. मात्र त्यांतील कण सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून दिसत नाहींत. ते लहान राहण्यावरच त्या वस्तूची किंमत कशी अवलंबून असते, हें आम्ही येथें सांगणार आहों.

मोटारीच्या स्पार्क प्लगचें पांढरें अंग अल्युमिना नांवाच्या द्रव्याचें असतें. हें द्रव्य २००० अंश सेंटिग्रेडच्याही वर वितळतें. म्हणून त्याची भुकटी दाबून आकार देतात आणि न वितळवितां भाजतात. उष्णतेनें अणू चळवळूं लागतात, कण एकमेकांस चिकटतात व मधल्या पोकळ्या भरूं लागतात. या क्रियेस सिंटरिंग म्हणतात.

परंतु जी उष्णता पोकळ्या भरते, तीच कणांसही वाढविते. कांचेच्या दोन तुकड्यांमध्यें साबणाचा फेस धरून कांहीं वेळ पाहावें : लहान बुडबुडे नाहींसे होतात व मोठे अधिक मोठे होतात. कणांचेंही तसेंच आहे. लहान कणाच्या फुगीर सीमेवरील अणू सैल बसलेले असतात. ते उडी घेऊन शेजारच्या मोठ्या कणांत सामील होतात. सर्व कण सारखे वाढले तर फारशी हानि नाहीं. एखादाच कण फार पुढें गेला, तर मात्र अनर्थ होतो. पोकळी भरण्यास लागणारे अणू मुख्यतः कणसीमेच्या वाटेनें येतात. सीमा घाईनें पुढें सरकली, कीं पोकळी कणाच्या पोटांत अडकते आणि मग ती भरून निघणें फार कठीण होतें.

अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉबर्ट कोबल यांनीं यावर उपाय शोधला. अल्युमिनांत शेंकडा अर्ध्या भागाहून अधिक नाहीं इतका मॅग्नेशिया मिसळला असतां सीमांची धांव आवरते, पोकळ्या भरून निघतात आणि एरवीं अपारदर्शक असणारी वस्तू प्रकाश आरपार जाऊं देते. या शोधाचें पेटंट १९६२ सालीं मिळालें. जी सोडियमची तप्त वाफ कांचेस खाऊन टाकते, ती अशा अल्युमिनाच्या नळीत कोंडून रस्त्यांवरील पिवळे दिवे तयार झाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरही २०१५ पर्यंत सोडियमचे दिवे होते.

आतां जुळ्या स्फटिकांकडे वळूं. कधीं कधीं एकाच कणाचे दोन भाग एका पातळीवर असे जोडलेले असतात, कीं एक भाग दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब वाटावा. बेरियम टायटनेट या द्रव्यांत असे जुळे कण पुष्कळदां आढळतात. सपाट पृष्ठावर अणूंचा नवा थर सुरू होणें कठीण असतें. परंतु जोडाच्या ठिकाणीं कडेला आंत वळलेली खोबण असते आणि तींत येणाऱ्या अणूस आयती जागा मिळते. अशा दोन समांतर जोडपातळ्या असल्या, तर खोबण भरून संपत नाहीं. म्हणून आसपासचे कण एका मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, असतांना एखादा जुळा कण शंभरपट वाढून बसतो.

याच द्रव्याचे पातळ थर रचून विजेचा भार सांठविणारे कपॅसिटर करतात. भ्रमणध्वनींत ते शेंकड्यांनीं असतात, आणि त्यांतील एकेक थर एका मायक्रोमीटरहूनही पातळ असूं शकतो. विजेच्या गळतीस कणसीमा बांधाप्रमाणें अडवितात. एकच कण थराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढला, तर मध्यें एकही बांध उरत नाहीं. म्हणून कारखान्यांत भुकटी अति बारीक व सारखी घेतात, भट्टीची उष्णता व वेळ मोजून ठेवतात आणि वाढ आवरणारीं द्रव्यें अल्प प्रमाणांत मिसळतात.

वस्तू कशाची केली एवढें जाणणें पुरेसें नाहीं. तिचे कण कसे वाढले हेंही पाहिलें पाहिजे. भट्टी चांगली पेटविणाराइतकाच, ती वेळेवर थांबविणाराही कुशल असावा लागतो.