पिकअपला कोल्ड एअर इनटेक: पैसे वसूल होतात का, हे आपणच तपासू

नगर रोडवर माल पोचवणाऱ्या पिकअपवाल्यांचा नेहमीचा प्रश्न: "बाहेरचं कोल्ड एअर इनटेक बसवलं तर ॲव्हरेज वाढेल का?" दुकानदार हो म्हणणारच. उत्तर मात्र आपल्या डिझेलच्या पावत्यांतूनच मिळतं. व्हिडिओसोबत हे टिपण हाताशी ठेवा.

आधी समजून घ्या

थंड हवा दाट असते. हवा ६० ऐवजी ४० अंशांची मिळाली, तर तेवढ्याच जागेत साधारण ६ टक्के जास्त हवा मावते. इथवर दुकानदाराचं बरोबर. पण टर्बो डिझेलमध्ये टर्बो हवा दाबतो, त्यात ती तापते, आणि मग इंटरकूलर तिला गार करतो. त्यामुळे तोंडाशी मिळालेला फायदा इंजिनापर्यंत पूर्ण पोचत नाही. शिवाय डिझेल किती फवारायचं, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. नुसती हवा वाढली म्हणून ताकद वाढत नाही.

आणि बॉनेटमध्ये उघडा कोन फिल्टर लावलात, तर केसनंद फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तो इंजिनाचीच गरम हवा ओढणार. नाव कोल्ड, काम गरम!

चाचणी कशी घ्यायची

१. आधी कंपनीचा नवा कागदी फिल्टर टाका. चोंदलेल्या जुन्या फिल्टरशी तुलना केली, तर कुठलंही किट जिंकेल.

२. पहिला महिना कंपनीचं इनटेक, दुसरा महिना किट, तिसरा महिना पुन्हा कंपनीचं. ड्रायव्हर, रूट, साधारण वजन आणि टायरची हवा तीच ठेवा.

३. टाकी एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटपर्यंतच भरा. दर वेळी किलोमीटर आणि लिटर लिहा.

४. हिशोब एका टाकीचा नको, महिन्याचा करा. ४० लिटरच्या एका टाकीत भरताना १ लिटर इकडेतिकडे झालं, तरी अडीच टक्क्यांचा फरक पडतो. महिन्याच्या १६० लिटरांत तोच फरक ०.६ टक्के, कारण मधल्या टाक्यांची चूक पुढच्या टाकीत भरून निघते.

५. ओबीडी रीडर असेल तर इनटेकच्या हवेचं तापमान दोनदा बघा: १० मिनिटं आयडलवर, आणि चालत्या गाडीत. दोन्ही सेटिंगला. चालत्या गाडीत बघायचं काम शेजारी बसलेल्याचं.

किटचा महिना दोन्ही महिन्यांपेक्षा सरस ठरला, तरच फायदा धरा. तिसरा महिनाही तितकाच चांगला आला, तर श्रेय हवामानाचं, रस्त्याचं किंवा ड्रायव्हरच्या सांभाळून चालवण्याचं. "गाडी उठते हो" हा पुरावा नाही. किटने आवाज वाढतो आणि आवाजाला आपण ताकद समजतो.

आता पैशाचं गणित

समजा, किट १२,००० रुपयांचं. रोज ८० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,०८० किलोमीटर. ॲव्हरेज १३ असेल तर १६० लिटर. ९० रुपये दराने १४,४०० रुपये. ॲव्हरेज ३ टक्के वाढलं, तर बचत महिन्याला साधारण ४२० रुपये. किटचे पैसे निघायला २९ महिने! तुमचे आकडे टाकून बघा.

धूळ विसरू नका

वाघोली परिसरात दगडखाणी, क्रशर, बांधकामं. इथे फिल्टरचं पहिलं काम धूळ अडवणं. किट बसवून आठवडा झाला की गाडी बंद करून, फिल्टरच्या पुढचा पाइप आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. धूळ दिसली तर किट त्याच दिवशी उतरवा. ती धूळ टर्बोची पाती, रिंगा आणि लायनर खाते. इंजिनकामाच्या बिलापुढे ४२० रुपये काहीच नाहीत. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल, तर जादा तेल हवामापक सेन्सरवर बसून रीडिंग चुकतं. वॉरंटीतली गाडी असेल, तर सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी विचारून घ्या.

गृहपाठ

किट नंतर. या महिन्यात फक्त नवा फिल्टर टाका, टायरची हवा बरोबर ठेवा आणि टाकीची वही सुरू करा. वही भरली की पुढचा कुठलाही विक्रेता समोर बसला, तरी बोलायला तुमच्याकडे तुमचे स्वतःचे आकडे असतील.